आगारामागचे मैदान रिकामे आहे का, हे चतुर्थीच्या आधी येऊन बघा

मा. परिवहनमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
स. न. वि. वि.

साहेब, मी एसटीतून निवृत्त झालेला माणूस. नोकरी 33 वर्षांची. त्यातली 21 वर्षे खांद्याला पिशवी लावून वाहक म्हणून, बाकीची वाहतूक नियंत्रक म्हणून, खिडकीत बसून भोंग्यावर गाड्या पुकारत. आगार सिंधुदुर्गातल्या एका तालुक्याचे. नाव मुद्दाम लिहीत नाही. माझ्या हाताखाली शिकलेली मुले अजून तिथे ड्युटीवर आहेत. पत्र माझे आणि मेमो त्यांना, असे व्हायला नको.

निवृत्त झालो तरी सकाळचा चहा मी स्थानकाच्या कॅन्टीनमध्येच घेतो. गेल्या महिन्यात असाच बसलो असताना कार्यशाळेच्या मागच्या मैदानात दोन तरुण तिपाईवर यंत्र लावून मोजणी करताना दिसले. चुन्याची रेघ मारलेली, ठिकठिकाणी लाल रंगाच्या खुंट्या ठोकलेल्या. जवळ जाऊन विचारले, कसली मोजणी? एकजण म्हणाला, "काका, हे अतिरिक्त क्षेत्र आहे. डेव्हलपरला द्यायचंय."

'जादा' हा शब्द एसटीत आम्ही गाडीला लावतो. जादा गाडी, जादा फेरी. जागा जादा झाल्याचे मी 33 वर्षांत ऐकले नव्हते. म्हणून हे पत्र.

महामंडळाची बाजू मला कळत नाही असे समजू नका. 2025 साली निघालेल्या श्वेतपत्रिकेत संचित तोटा 10 हजार कोटींच्या वर दाखवला आहे. पगार वेळेवर होत नव्हते तेव्हाचे दिवस मी काढले आहेत, आणि 2021 चा संप कसा पेटला हे जवळून पाहिले आहे. जागेतून चार पैसे येत असतील तर कुठल्याही एसटीवाल्याला वाईट वाटणार नाही. स्थानकाच्या रस्त्याकडच्या बाजूला गाळे काढा, वर एखादी बँक आणा, पेट्रोल पंप टाका. माझी काही हरकत नाही. माझे भांडण 'अतिरिक्त' या एका शब्दाशी आहे. तो शब्द कुणी ठरवला, आणि वर्षाच्या कुठल्या दिवशी येऊन ठरवला?

मोजणीवाले बहुधा उन्हाळ्यात येतात. तेव्हा मैदान खरोखरच रिकामे दिसते. एका कोपऱ्यात भंगारात काढलेल्या दोन गाड्या, कुंपणाला करवंदीची जाळी, मधोमध गुरे बसलेली. नकाशावर ते 35 गुंठे पांढरे दिसत असतील तर त्यात त्या पोरांचा दोष नाही.

पण साहेब, यंदाची चतुर्थी सोमवारी, 14 सप्टेंबरला आहे. शुक्रवारी रात्री मुंबई, ठाणे, बोरिवलीहून सुटलेल्या गाड्या शनिवारी पहाटे तळकोकणात उतरायला लागतील. 2025 च्या गणपतीला महामंडळाने कोकणासाठी 5000 जादा गाड्या जाहीर केल्या होत्या. त्या गाड्या माणसे उतरवल्यावर जातात कुठे, हा प्रश्न मुंबईत बसून पडत नाही. माणसे वाडीवाडीत पोचतात, गणपती बसतो, आणि परतीच्या गर्दीसाठी लागणाऱ्या गाड्या पाच-सहा दिवस आमच्याकडे उभ्या राहतात. हायवेवर लावायच्या म्हटल्या तर हायवेची दशा आपल्याला ठाऊक आहे, बाजारात लावल्या तर माटोळीचे, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांचे, सामान घ्यायला आलेल्या बाया जाणार कुठून? त्या उभ्या राहतात या मैदानात. एका वर्षी मी स्वतः शिट्टी मारत, हातात बॅटरी घेऊन, पावसात 60 च्या वर गाड्या रांगेने लावून घेतल्या. शेवटची लागली तेव्हा माणूस आडवा होऊनच बाहेर निघेल एवढी फट उरली होती.

आणि गाडीबरोबर चालक-वाहकही येतात. जादा गाड्यांना आमच्या विभागाची माणसे पुरत नाहीत, म्हणून परभणी, बुलढाणा, यवतमाळकडून मागवतात. कोकणातला घाट आणि कोकणातला पाऊस दोन्ही त्यांना नवे. विश्रांतीगृहात वीस खाटा, माणसे शंभरच्या पुढे. मग उरलेले गाडीतच झोपतात. एका यवतमाळच्या चालकाने मला रात्री दोन वाजता उठवून विचारले होते, "साहेब, हा पाऊस थांबतो कधी?" मी म्हटले, "दसऱ्याला विचार." तो हसला नाही. अशा माणसाला गाडी लावायला, पाठ टेकायला आणि बादलीभर पाण्याने अंघोळ करायला जी जागा लागते, ती तुमच्या कागदावर अतिरिक्त आहे.

बरे, गणपतीच कशाला. शिमग्याला थोड्या प्रमाणात हेच होते. निवडणुकीला मतदान पथकांच्या गाड्या इथूनच सुटतात. 14 जुलै 2024 ला दिवाणखवटीच्या बोगद्याजवळ दरड आली आणि कोकण रेल्वे दिवसभराहून जास्त बंद पडली, तेव्हा अडकलेल्या माणसांना पुढे न्यायला एसटीच धावली. ऐन वेळी गाड्या जमवता येतात त्या मोकळी जागा असते म्हणूनच. आता विजेच्या गाड्या येणार म्हणता. महामंडळाने 5150 गाड्यांचा करार केलेला आहे. डिझेलची गाडी पंपावर पाच-दहा मिनिटांत मोकळी होते. विजेची गाडी चार्जिंगला लावली की तेवढा वेळ ती जागा अडली. म्हणजे उद्या आगाराला जागा आजच्यापेक्षा जास्त लागणार. एका टेबलावर विजेच्या गाड्यांची फाईल आणि शेजारच्या टेबलावर अतिरिक्त जमिनीची फाईल, आणि दोन टेबलांची गाठ पडत नाही, असे तर होत नाही ना?

एक म्हातारी होती आमच्याकडे, मासे घेऊन सकाळच्या पहिल्या गाडीने बाजाराला जायची. पाटी कायम माझ्या सीटच्या मागे. तिला कुणीतरी सांगितले की आगारामागे मोठी इमारत होणार, जागा नुसती पडून आहे. ती म्हणाली, "रिकामी खय? ती गाडयेची वाट बघता." एवढे वाक्य जरी प्रस्तावाच्या फाईलला टाचले तरी माझे निम्मे काम होईल.

आता मुदतीचे. एसटीची जमीन विकसकाला द्यायचा भाडेपट्टा आधी 30 वर्षांचा होता, मग 60 झाला, आणि 2025 मध्ये मंत्रिमंडळाने 98 केला. 49 अधिक 49. पहिली एसटी 1 जून 1948 ला पुणे-अहमदनगर धावली. म्हणजे खुद्द एसटीच अजून 98 वर्षांची झालेली नाही. ज्या संस्थेने स्वतः एवढे वय पाहिले नाही, तिने एवढ्या मुदतीचा करार करायचा, आणि तोही कुणाशी? कंपनीचे आयुष्य किती असते हे कोकणाला कुणी शिकवायला नको. गुहागर तालुक्यात एन्रॉन ही वीज कंपनी आली तेव्हा जमिनी गेल्या, लाठ्या पडल्या, सरकारे बदलली. 2001 साली प्रकल्प बंद पडला आणि त्याच वर्षी तिकडे अमेरिकेत कंपनी दिवाळखोरीत गेली. करारावर सही करणारा राहिला नाही, तिथल्या अंजनवेलची जमीन मात्र कायमची गेली. आमच्या शिरोड्याजवळ वेळागरला पंचतारांकित हॉटेलसाठी घेतलेल्या जमिनीचा वाद नव्वदच्या दशकापासून चालू आहे. तेव्हा मोर्चात गेलेल्या पोरांचे केस आता पिकले.

तीस वर्षांत बांधकामाचा खर्च निघत नाही, म्हणून विकसक येत नाहीत, असे कारण ऐकतो. शहरात तसे असेलही. पण आमच्या तालुक्याच्या गावात, जिथे रात्री आठला बाजार बंद होतो, तिथे बहुमजली व्यापारी संकुल उभे करून 98 वर्षे कुठला धंदा होणार आहे? खर्च निघणार नसेल तर तो प्रकल्पच तिथे नको. आणि मुदत वाढवली की खर्च निघतो, याचा अर्थ जमीन स्वस्तात जाते, एवढेच मला कळते. हिशोबात मी कच्चा नाही, 21 वर्षे रोजचा भरणा पैशापर्यंत जुळवून दिला आहे.

'बांधा-वापरा-हस्तांतरित करा' या पद्धतीने, म्हणजे खासगी विकसकाकडून, झालेली स्थानके मी ड्युटीवर असताना पाहिली आहेत. घाटावरच्या एका ठिकाणी दर्शनी भागात काचेची दुकाने आणि फलाट पाठीमागे. गाडीत बसायला म्हातारीकोतारी एका बोळातून जायची, त्या बोळात दुकानदारांची खोकी रचलेली. वरचे दोन मजले कुलूपबंद. गाडी वळवायला एवढी कमी जागा ठेवलेली की माझ्या चालकाला तीनदा मागेपुढे घ्यावी लागे आणि मी खाली उतरून शिट्टी मारत राही. नकाशा काढणाऱ्याने मोटार वळवून पाहिली असेल, एसटी नाही.

आमच्या भागात तर इमारत पाडण्याचा उत्साह बांधण्यापेक्षा मोठा. रत्नागिरीच्या मध्यवर्ती स्थानकाचे काम कित्येक वर्षे रखडले, ते 2025 मध्ये एकदाचे उघडले. चिपळूणचेही रखडले. तेवढी वर्षे माणसे रस्त्याच्या कडेला पावसात उभी. म्हणून आधी स्थानक पुरे करून ताब्यात द्यायचे आणि मगच दुकानाचा पहिला गाळा विकायचा, अशी अट घातल्याशिवाय कुणाला एक वीटही लावू देऊ नका.

चिपळूणवरून आठवले. 22 जुलै 2021 च्या पुरात तिथले आगार बुडाले, आणि आगारप्रमुख रोकड छातीशी धरून तासन् तास गाडीच्या टपावर बसून राहिले. जवळपास नऊ लाख रुपये होते. एसटीच्या पैशाला आमचे लोक असे जपतात, हे आपल्याला माहीत असावे म्हणून सांगितले. आणि दुसरे असे की आगारे बहुतेक गावांत सखल भागात, वहाळाच्या कडेला आहेत, कारण तेव्हा सपाट जागा तीच मिळाली. आमच्या मैदानात पावसाळ्यात घोटाभर पाणी साचते आणि दोन दिवसांत जिरते. तिथे काँक्रीट ओतले की ते पाणी खालच्या बाजारपेठेत जाणार. आजवर ते कुणाच्या दुकानात शिरलेले नाही.

कायद्याचे मला फारसे कळत नाही. माझा भाचा कुडाळच्या कोर्टात वकिली करतो, त्याला विचारले की एसटीला जमीन नको असेल तर ती मूळ मालकाला परत मिळते का. तो म्हणाला, एकदा सार्वजनिक कामासाठी संपादन झाले की जुन्या मालकाला जमीन परत मागता येत नाही. सुप्रीम कोर्टाने 1997 साली केरळच्या एका प्रकरणात तसे सांगितले आहे. उरलेली जमीन दुसऱ्या सार्वजनिक कामाला वापरा, नाहीतर जाहीर लिलाव करा. बरे, मालकाला नको, पण मग लिलाव तरी जाहीर असू दे. निविदेची नोटीस मुंबईच्या इंग्रजी पेपरात आणि संकेतस्थळाच्या पोटात न ठेवता स्थानकाच्या फळ्यावर मराठीत लावा, वेळापत्रकाच्या शेजारी. करारही तिथेच लावा. किती गुंठे, किती वर्षे, भाडे किती, आणि त्यातला किती पैसा या आगाराच्या गाड्यांना परत येणार. माणसे गाडीची वाट बघत असतात, वाचायला वेळ भरपूर असतो. भाच्याने आणखी एक दाखवले: महामंडळ ज्या 1950 च्या कायद्याखाली उभे आहे त्याच्या कलम 18 मध्ये महामंडळाचे काम लिहिले आहे, पुरेशी आणि कार्यक्षम वाहतूक सेवा देणे. जागेच्या धंद्याचा उल्लेख त्या कलमात त्याला काही सापडला नाही.

माझे मागणे लहान आहे. कोकणातल्या एकाही आगाराची जमीन चतुर्थीच्या आठवड्यात प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय अतिरिक्त ठरवू नका. मोजणी करायची तर तेव्हा करा. आपण स्वतः यावे. 12 सप्टेंबर, शनिवार, पहाटे चार वाजता. दिव्याची गाडी नको, पुढच्या गेटमधून आत घ्यायला जागाच नसेल. कणकवलीहून आमच्या लाल गाडीने या. मी नियंत्रकाच्या खिडकीशी असेन. कॅन्टीन रात्रभर चालू असते, चहा आले घालून मिळतो. मग आपण दोघे छत्री घेऊन मैदानात जाऊ आणि त्या चुन्याच्या रेघा कुठे होत्या ते शोधू.

आपला,
एक निवृत्त वाहतूक नियंत्रक,
सिंधुदुर्ग

ता. क. मैदानाच्या दक्षिणेला एक जुने हापूसचे कलम आहे. ज्यांची ही जमीन होती ते गृहस्थ हयात असेपर्यंत दर मे महिन्यात एक रिकामी पिशवी घेऊन यायचे, आणि आम्ही त्यांना आंबे काढू द्यायचो. नियमात बसत नव्हते, पण कुठल्याही आगारप्रमुखाने हरकत घेतली नाही. आता त्यांचा नातू येतो. मोजणीवाल्यांनी एक खुंटी नेमकी त्या झाडाच्या मुळात ठोकली आहे. बाकी काही होवो न होवो, ती तेवढी काढायला सांगा.