जीप आमची, शुल्क मात्र परदेशी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

वीस वर्षांहून जुन्या वाहनांच्या नोंदणी नूतनीकरणाचं शुल्क ऑगस्ट २०२५ मध्ये वाढलं, ती बातमी आपल्या अंकात वाचली. साध्या मोटारीला १०,००० रुपये आणि आयात केलेल्या चारचाकीला ८०,०००. आयात मोटारीचा हाच आकडा एप्रिल २०२२ पासून ४०,००० होता. बातमी वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे काळ्या काचांची आलिशान गाडी येत असेल. माझ्या घरीही एक आयात मोटार आहे. १९४३ सालची फोर्ड कंपनीची लष्करी जीप. तिच्यातून मी वरच्या वाडीला खताच्या गोण्या नेतो आणि येताना गवताचे भारे आणतो.

मी एस.टी.च्या कार्यशाळेत ३१ वर्षं काम करून निवृत्त झालो. माझे वडील कोयना धरणाच्या कामावर एका ठेकेदाराकडे ड्रायव्हर होते. ही जीप ठेकेदाराने लष्कराच्या लिलावातून घेतलेली. धरणाचं काम आवरलं तेव्हा वडिलांचा काही महिन्यांचा पगार राहिला होता, त्यापोटी त्यांनी जीप मागून घेतली. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंप झाला त्या दिवशी ती कोयनानगरहून खाली जखमींना घेऊन दिवसभर फिरत होती. मागच्या फळीवर रक्ताचे डाग होते आणि आईने ते राखेने घासून काढले, एवढं मला आठवतं.

गावात तिला सगळे ‘विलीज’च म्हणतात आणि आरसी बुकातही विलीज असंच लिहिलंय. युद्धकाळात विलीज आणि फोर्ड या दोन अमेरिकन कंपन्यांनी एकाच आराखड्यावर मिळून ६ लाखांहून जास्त जीप बांधल्या, त्यामुळे ही गल्लत घरोघरी झाली. पण फोर्डने आपल्या बोल्टांच्या डोक्यावर ‘एफ’ हे अक्षर ठोकलं होतं. चासीचा पुढचा आडवा दांडा विलीजमध्ये गोल नळीचा असतो, फोर्डमध्ये पालथ्या ‘यू’च्या आकाराचा. आमच्या चासीवरचा गंज मी केरोसीन आणि पितळी ब्रशने उतरवला तेव्हा ‘जी.पी.डब्ल्यू.’ ही फोर्डच्या जीपची अक्षरं दिसली. वडील जाऊन तेव्हा अकरा वर्षं झाली होती. आपण फोर्ड चालवत होतो हे त्यांना कधीच कळलं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

१९८८ साली पेट्रोल परवडेना म्हणून वडिलांनी तिच्यात प्युजो या फ्रेंच कंपनीच्या परवान्यावर इथे बनणारं डिझेल इंजिन बसवलं आणि तशी नोंदही करून घेतली. अशी हजारो जीपगाड्यांची इंजिनं त्या काळात बदलली. मूळ पेट्रोल इंजिन गोठ्यात पोत्याखाली पडून होतं. निवृत्तीनंतर मी ते बाहेर काढलं. सहा वर्षं झाली, गाडी टप्प्याटप्प्याने मूळ रूपात आणतोय.

या सहा वर्षांत सामान कसं मिळालं ते सांगितल्याशिवाय माझं म्हणणं कळणार नाही. इंजिन तुलनेने सोपं गेलं. १९४९ साली मुंबईत माझगावला विलीजचे सुटे भाग आणून जीप जुळवायला सुरुवात झाली, पुढे महिंद्राने त्या इथेच बनवल्या. त्या नंतरच्या पेट्रोल इंजिनाची घडण वेगळी, तरी सिलिंडरचा बोअर, म्हणजे आतला व्यास, तोच राहिला, ३ इंच आणि वर एक अष्टमांश. त्यामुळे पिस्टनच्या रिंगा आणि बेअरिंगं कराडच्या एका जुन्या दुकानाच्या माळ्यावर मिळाली, ग्रीस लावलेल्या कागदात गुंडाळलेली. दुकानदाराच्या मुलाला ती कशाची आहेत हेही माहीत नव्हतं.

क्राउन-पिनियनने, म्हणजे चाकांचा दांडा फिरवणाऱ्या दातेरी चाकांच्या जोडीने, मात्र सात महिने खाल्ले. मागच्या अ‍ॅक्सलचे दाते उडाले होते. भंगारातून एक जोडी आणली, हाउसिंगमध्ये चपखल बसली, मी खूश. पहिल्याच चढावर फोर-व्हील टाकली तर गाडी अडून बसली, गिअर निघेना. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. लष्करी जीपच्या क्राउनला ३९ दाते आणि पिनियनला ८. नंतरच्या नागरी जीपला ४३ आणि ८. पुढचा अ‍ॅक्सल एका हिशेबाने फिरतो, मागचा दुसऱ्या, आणि मधला ट्रान्सफर केस, म्हणजे दोन्हीकडे ताकद वाटणारी गिअरपेटी, दोघांच्या ओढाताणीत आवळला जातो. त्यानंतर मी कुर्ल्यापासून पुण्याच्या जुन्या बाजारापर्यंत खडू घेऊन फिरलो. एका दात्यावर खूण करायची आणि मोजायला लागायचं. ३९ दातेवाला क्राउन अखेर एका उसाच्या ट्रॉलीच्या अ‍ॅक्सलमध्ये सापडला.

त्याच ट्रान्सफर केसमधला मधला शाफ्ट लष्करी जीपला अवघा पाऊण इंच जाड. नंतरच्या जीपला कंपनीनेच तो जाड केला, पण तो आमच्या केसमध्ये बसत नाही. मी तो कोल्हापूरच्या उद्यमनगरात ई.एन. ३६ पोलादातून लेथवर काढून केस हार्डनिंग करून, म्हणजे वरचा थर कडक करून घेतला. इंजिनाचा धूर बाहेर नेणारा एक्झॉस्ट मॅनिफोल्डही तिथेच ओतला. जुना तडकलेला तुकडा मी साचा म्हणून घेऊन गेलो, तर पॅटर्न करणारे म्हातारे कारागीर म्हणाले, असाच ओतला तर आखूड पडेल, बीड, म्हणजे ओतीव लोखंड, थंड होताना फुटामागे एक अष्टमांश इंच आकसतं. त्यांनी सागवानाचा पॅटर्न तेवढा वाढवून केला. मॅनिफोल्ड पहिल्याच ओतकामात बसला. त्यांच्या हाताला माझा नमस्कार आहे. त्यांचा मुलगा आता या कामात नाही.

बोल्टांचे आटे इंची, बाजारात सगळा माल मेट्रिक. टॅप आणि डाय घेऊन मी स्वतः आटे मारले. पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली असते, तिच्या खालचा पत्रा कुजला होता, तो पाटणच्या पत्रेवाल्याने हातोडीने घडवला. हेडलाइट सोडवून मागे फिरवला की इंजिनावर उजेड पडतो, ही युद्धातली सोय होती. त्याची बिजागरी मात्र अजून मूळचीच आहे.

आता हिशेब करा. चासी, इंजिनाचा ब्लॉक, अ‍ॅक्सलची हाउसिंगं आणि तंबाखूच्या डब्यात जपून ठेवलेले साठेक ‘एफ’चे बोल्ट सोडले, तर या गाडीत अमेरिकेचं फारसं उरलेलं नाही. जे आहे ते कोल्हापूरचं बीड, कराडच्या माळ्यावरच्या रिंगा आणि पाटणचा पत्रा. आमच्या शेजारच्या गावात १९६२ सालची महिंद्रा जीप आहे. पुढच्या अ‍ॅक्सलचा तिचा सांगाडा आणि आमचा सारखाच, त्या जीपची बेअरिंगं आमच्यात बसतात आणि आमची तिच्यात. त्या गाडीला १०,००० आणि आमच्या गाडीला ८०,०००.

यावर नेहमी सांगितला जाणारा उपाय म्हणजे विंटेज नोंदणी. २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांवरच्या गाडीला ती घेता येते, नव्या नोंदणीला २०,००० आणि नंतर ५,००० रुपये. नियम चांगला आहे, मी त्याच्या विरोधात नाही. पण त्यात गाडी मूळ रूपात हवी, चासी, बॉडी, इंजिनात मोठा बदल चालत नाही, आणि आमच्या पुस्तकात १९८८ पासून डिझेल इंजिन लिहिलंय. ते दुरुस्त करून घ्यायला मी जिल्ह्याच्या कार्यालयात चार वेळा गेलो. जुनंच इंजिन परत बसवलं हे सिद्ध करणारा कागद मागतात. १९४३ सालच्या इंजिनाची पावती मी कुठून आणू? शिवाय विंटेज गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच ती बाहेर काढायची. म्हणजे खताच्या गोण्या बंद. विंटेज म्हणवून घ्यायला ही गाडी फार देशी झाली, आणि शुल्क भरायला मात्र परदेशीच राहिली.

माझी मागणी मोठी नाही. जी गाडी पन्नासहून जास्त वर्षं या देशात नोंदलेली आहे, तिला नूतनीकरणापुरती आयात धरू नये, साध्या मोटारीचं शुल्क लावावं. आणि मूळ इंजिन परत बसवणाऱ्याकडे पावती मागण्याऐवजी ब्लॉकवरचा क्रमांक आणि ओतकामातली खूण पाहून अधिकाऱ्याने नोंद करावी. ज्याला बीड आणि पोलाद ओळखता येतं अशा माणसाला ते अर्ध्या तासाचं काम आहे.

सुरक्षिततेचा प्रश्न कुणी काढेल म्हणून लिहितो. ब्रेकचे सगळे पाइप नवे आहेत, चारही ड्रम घासून समान केलेत, टायर ६.००-१६ मापाचे आणि रस्त्याचेच आहेत. याच मापाचे ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाचे टायर स्वस्तात मिळतात, अनेक जण तेच चढवतात. तसं कुणी करू नये, ओल्या रस्त्यावर ते धरत नाहीत.

आमच्या नोंदणीची मुदत येत्या फेब्रुवारीत संपते. ८०,००० रुपये माझ्याकडे नाहीत. तपासणीला कुणीही केव्हाही यावं, गाडी गोठ्याशेजारच्या छपरात उभी आहे. बॉनेट उघडं ठेवीन आणि बोल्टांचा डबाही काढून ठेवीन.

आपला,
एक निवृत्त एस.टी. कारागीर
ता. पाटण, जि. सातारा