पियानोच्या सुराला मींड नसते

संपादक महोदय,

जुन्या रेकॉर्डी पुन्हा विकत घेऊ लागलेल्यांसाठी गेल्या रविवारच्या पुरवणीत जो लेख आला, त्यात सुरुवातीला ऐकायला अमेरिकन गायक-पियानोवादक बिली जोएलचा १९७७ सालचा ‘द स्ट्रेंजर’ सुचवला आहे. निवड उत्तम. पण टर्नटेबल (रेकॉर्ड वाजवायचं यंत्र) कोणताही चालतो, रेकॉर्डचा आवाज मुळातच गोड असतो, असंही त्यात सांगून टाकलं आहे आणि ते नेमकं याच अल्बमला लागू पडत नाही. गिटारच्या कल्लोळात खपून जाणारे यंत्राचे दोष पियानो चव्हाट्यावर आणतो.

आपल्या कानांना मींड आणि आंदोलनाची, म्हणजे सरकणाऱ्या आणि झुलणाऱ्या सुरांची, सवय असते. सूर हलला तर तो गायकानेच हलवला असं आपण धरून चालतो. पियानोची हातोडी एकदा तारेवर पडली की वादकाचा त्या सुराच्या उंचीवरचा ताबा संपला. सूर विरत जाईल, पण वर-खाली होणार नाही. त्यामुळे रेकॉर्डवर पियानोचा लांबलेला सूर हेलकावे खात असेल, तर दोष तबकडीचा किंवा मोटरचा असं खुशाल समजावं.

बहुतेक वेळा तबकडीचं मधलं भोक बरोबर केंद्रात नसतं. मिनिटाला ३३⅓ फेऱ्या म्हणजे एक फेरी १.८ सेकंदांची. भोक अर्धा मिलिमीटर जरी सरकलेलं असलं तरी लेबलजवळ, केंद्रापासून साधारण ६० मिलिमीटरवर, सूर दर फेरीला सुमारे १४ सेंट चढतो आणि तेवढाच उतरतो (एका अर्धस्वराचे १०० सेंट). बाहेरच्या कडेला, १४६ मिलिमीटरवर, तोच दोष ६ सेंटचा असतो. सहा सेंट पुष्कळांच्या लक्षातही येत नाहीत. चौदा मात्र जाणवतात. नेमकं काय बिघडलंय ते सांगता आलं नाही तरी बोटीत बसल्यासारखं वाटतं.

आता या अल्बमची रचना बघा. दुसऱ्या गाण्याच्या, म्हणजे ‘द स्ट्रेंजर’च्या, सुरुवातीला संथ पियानो आणि त्यावर शिट्टी आहे. ही धून कोणत्या वाद्यावर घ्यायची म्हणून जोएलने निर्माता फिल रमोनला ती शिट्टीवर वाजवून दाखवली आणि रमोनने शिट्टीच कायम ठेवली. हीच धून अल्बमच्या अगदी शेवटी, ‘एव्हरीबडी हॅज अ ड्रीम’ संपल्यावर, पुन्हा येते. म्हणजे तो संथ पियानो आणि शिट्टी दुसऱ्या बाजूच्या सर्वांत आतल्या खोबणीत येऊन बसले आहेत, जिथे भोकाची चूक सर्वांत मोठी होते. तपासायची असेल तर हीच जागा. सुईकडे न बघता टोनआर्मकडे, म्हणजे सुई धरणाऱ्या दांड्याकडे, वरून बघा. दर फेरीला तो डावी-उजवीकडे डुलत असेल तर भोक सरकलेलं आहे. दोन्ही बाजू वेगवेगळ्या बघाव्या लागतात, कारण छापताना दोन बाजूंचे साचे स्वतंत्र बसवलेले असतात. पहिली बाजू निर्दोष म्हणून दुसरीही तशीच असेल असं नाही. भोक कानशीने मोठं करून तबकडी सरकवण्याचा उद्योग काही जण करतात. करू नये, रेकॉर्ड बदलून घ्यावी.

पहिल्या बाजूच्या शेवटी वेगळंच दुखणं आहे. तिथे ‘सीन्स फ्रॉम ॲन इटालियन रेस्टॉरंट’ हे साडेसात मिनिटांचं गाणं आहे, जोएलने तीन अपुऱ्या गाण्यांचे तुकडे जोडून केलेलं. रेस्टॉरंटमधल्या संथ गप्पा, मग चाल वाढते, आणि मग पियानो धावत सुटतो तो ब्रेन्डा आणि एडी या गाण्यातल्या जोडप्याच्या गोष्टीत. हाताचा सगळ्यात जोरकस मारा इथे, आणि तोही लेबलकडे सरकलेल्या खोबणीत. बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर खोबण सरकते, आत जेमतेम २१. हातोडीच्या ठोक्यातला १० किलोहर्ट्झचा धारदार भाग बाहेर ५१ मायक्रॉन लांबीच्या लाटेत कोरलेला असतो, तो आत २१ मायक्रॉनमध्ये कोंबावा लागतो. स्वस्त टर्नटेबलच्या गोल टोकाच्या सुईची त्रिज्याच १५ ते १८ मायक्रॉन असते. ती त्या वळणात बसणार कशी? ठोका फाटतो, काचेवर नखं घासल्यासारखा येतो आणि दोष बिचाऱ्या रेकॉर्डिंगवर जातो.

यावर उपाय लंबवर्तुळी टोकाची सुई. तिच्या बाजूची त्रिज्या साधारण ८ मायक्रॉन असते. ऑडिओ-टेक्निकाची व्हीएम९५ई ही त्यातली परवडणारी आणि सहज मिळणारी. तिचा भार, म्हणजे खोबणीवर पडणारं वजन, २ ग्रॅम ठेवायचा, १.८ ते २.२ च्या बाहेर जायचं नाही. खोबण झिजू नये म्हणून भार कमी ठेवणारे बरेच भेटतात, पण हलकी सुई जोरकस सुरावर खोबणीत आपटत राहते आणि भिंतीचे टवके काढते. थोड्या जड सुईपेक्षा हे नुकसान मोठं. भार टोनआर्मवरच्या आकड्यांवर विसंबून न लावता छोट्या डिजिटल काट्यावर मोजावा. मग कागदी प्रोट्रॅक्टरवर (जुळणीच्या रेघा छापलेल्या कागदावर) कार्ट्रिज, म्हणजे सुई बसवलेली डबी, दोन्ही बिंदूंवर रेघांशी समांतर आहे ना ते बघावं. एवढं केल्यावर ब्रेन्डा-एडीच्या भागात उजव्या हाताचे ठोके एकेक मोजता येऊ लागतात.

जोडणीतली एक चूक घरोघरी दिसते. टर्नटेबलची तार ॲम्प्लिफायरच्या ‘ऑक्स’ या साध्या इनपुटमध्ये खोचायची आणि आवाज बारीक येतो म्हणून बटण शेवटपर्यंत पिळायचं. रेकॉर्ड कापताना खर्जाचा आवाज मुद्दाम दाबलेला असतो, २० हर्ट्झजवळ सुमारे २० डेसिबल. तो परत उचलायचं काम फोनो प्रीॲम्प करतो. त्याच्याशिवाय पियानोचा डावा हात जवळपास गायब होतो, सोबत डग स्टेगमायरचा बेसही. उरतो तो खेळण्यातला पियानो.

चोर बाजारातून जुनी प्रत घेताना कव्हरच्या कोपऱ्यांपेक्षा तबकडीचा आतला इंचभर पट्टा उजेडात तिरका धरून बघा. तो काळा चकचकीत नसून करडा दिसला, तर झिजलेल्या सुईने तो आधीच खाल्लेला आहे आणि धुऊन काही परत येणार नाही. भोकाभोवती लेबलवर टर्नटेबलच्या मधल्या खुंटीचे पुष्कळ ओरखडे असतील तर ती खूप वाजलेली. पावसाळ्यात बुरशीचे पांढरे ठिपके येतात, ते डिस्टिल्ड पाणी आणि मऊ मायक्रोफायबरने खोबणीच्या दिशेने पुसून निघतात. मात्र जुनं कागदी पाकीट फेकून द्या, नाहीतर महिन्याभरात बुरशी परत हजर. आणि रेकॉर्डी उभ्याच ठेवा.

एवढा खटाटोप नको असेल तर सीडी किंवा स्ट्रीमिंगवर ऐकण्यात काही कमीपणा नाही. पियानो तिथे खिळ्यासारखा स्थिर राहतो. गंमत म्हणजे जपानमध्ये १ ऑक्टोबर १९८२ रोजी सीडी पहिल्यांदा विक्रीला आली तेव्हा त्यात याच जोएलचा पुढचा अल्बम, ‘फिफ्टी सेकंड स्ट्रीट’, होता. स्ट्रीमिंगवर शफल बंद करा, नाहीतर ती परत येणारी शिट्टी कशाची आठवण आहे तेच कळणार नाही. क्रॉसफेडही (एक गाणं संपता संपता पुढचं त्यात मिसळण्याची सोय) बंद. आवाज समान करण्याची सोय ठेवायचीच असेल तर ती गाण्यावार न ठेवता अल्बमवार निवडा, म्हणजे ‘शीज ऑल्वेज अ वुमन’ मुद्दाम हळू आहे ते हळूच राहील. फोनच्या स्पीकरवर मात्र ऐकू नका. त्यातून २००-३०० हर्ट्झच्या खालचं फारसं काही येत नाही आणि पियानोच्या मधल्या ‘सी’ची कंपनसंख्याच २६१.६ आहे. तिच्या डावीकडच्या पट्ट्यांचं मूळ कंपन कानापर्यंत पोचतच नाही. मेंदू ते वरच्या स्वरांवरून अंदाजाने भरून काढतो.

शेवटी, लेखातली एक चूक तरी दुरुस्त करून छापावी अशी विनंती. अमेरिकेतून नातेवाइकांनी आणलेला टर्नटेबल स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावला की झालं, असं त्यात म्हटलं आहे. ट्रान्सफॉर्मर २३० व्होल्टचे ११० करतो, पण आपल्या विजेची ५० हर्ट्झ वारंवारता तशीच राहते. डीसी मोटरच्या यंत्राला त्याने फरक पडत नाही. पण जुन्या यंत्रात वारंवारतेवर चालणारी एसी सिंक्रोनस मोटर असेल आणि मागच्या पट्टीवर फक्त ‘६० हर्ट्झ’ लिहिलं असेल, तर तबकडी ३३⅓ ऐवजी सुमारे २७.८ फेऱ्यांनी फिरते. घड्याळ लावून बघा: चार मिनिटं पन्नास सेकंदांचं ‘जस्ट द वे यू आर’ पाच मिनिटं अठ्ठेचाळीस सेकंद चालेल. घरात पेटी असेल तर आणखी सोपं. ते गाणं पांढरी दोनचं आहे. ते पांढरी सातच्याही किंचित खाली जुळू लागलं, तर ५० हर्ट्झची पुली बसवून घ्या. पुली बदलल्यावर १८० रेघांची स्ट्रोब चकती जुन्या चोकवाल्या ट्यूबलाइटखाली ठेवा, रेघा एका जागी थांबल्या की वेग बरोबर. एलईडी दिव्याखाली ती बहुधा दगा देते, कारण त्यातले बरेच दिवे विजेच्या तालावर लुकलुकतच नाहीत.

आपला,
एक वाचक, ठाणे