आई, भोंगा गेला

श्रावण वद्य पंचमी

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

पत्र बघून घाबरू नका, घरात सगळे ठीक आहोत. बाबा, तुम्ही आधी एकटे वाचा आणि मग आईला वाचून दाखवा.

रविवारी फोनवर आईने विचारलं, "माझा भोंगा काय म्हणतो?" मी म्हणालो, "मजेत आहे." ते खोटं होतं. आपला राजहंस भोंगा आषाढातच गेला, त्याला महिना झाला. तेव्हापासून चार वेळा आपलं बोलणं झालं आणि चारही वेळा सांगायचं ठरवून मी फोन घेतला होता. आईचा आवाज बदलला की मला पुढचं बोलता येत नाही. म्हणून लिहितो आहे.

त्या दिवशी सकाळी दार उघडलं तर तो बाहेर आला नाही. तुम्हाला माहीत आहे, दार उघडायच्या आधीच मान पुढे काढून उभा असायचा आणि बाहेर पडल्यावर पहिला ओरडा करून सगळी वाडी उठवायचा. त्या दिवशी तो कोपऱ्यात बसून होता. उचलला तर डावा पाय मांडीपर्यंत सुजलेला आणि बोटांमधला पडदा काळानिळा. पावसात जांभ्याच्या गडग्यात फुरशी येऊन बसतात, त्यातलंच एखादं असणार. डॉक्टरांना फोन केला, पण ते लांबच्या गावात अडलेल्या म्हशीकडे गेले होते. मी पाय धुतला, पाणी पाजायचा प्रयत्न केला. दुपारी बारा-साडेबाराला त्याने माझ्या मांडीवर मान टाकली. राजहंस असले की साप घराकडे फिरकत नाही असं सगळे सांगतात आणि आपणही त्याच भरवशावर ही जोडी आणली होती. ते ओरडून खबर देतात एवढं खरं आहे, पण विष त्यांनाही चढतंच.

आई, गेल्या गणपतीत तो तुझ्या मागे विहिरीपर्यंत जायचा आणि तू धुणं आपटत असताना दगडाला टेकून बसायचा, ते माझ्या डोळ्यांसमोर आहे. तुझ्या हातचा भिजवलेला गहू तो एकेक दाणा करून खायचा. माझ्या हातून खाताना मात्र बोट चावायचा.

त्याला परसात फणसाखाली पुरला. बाबा, तुम्ही पुरायचात तिथेच. खड्डा खणताना मला एक गोष्ट उमगली. लहानपणी सकाळी उठलो की एखादं पिल्लू कमी असायचं आणि तुम्ही म्हणायचात, "मामाकडे पाठवलं." मामाकडे गेलो की मी तिथल्या कोंबड्यांमध्ये आपली पिल्लं शोधायचो आणि एखादीकडे बोट दाखवून "हीच ती" म्हणायचो. मामाही हो म्हणायचा. आता कळतं की तुम्ही आम्ही उठायच्या आधी, अंधारात, फावडं घेऊन परसात जात होतात.

छोटीला काय सांगायचं हा प्रश्न होताच. हिवाळ्यात हिमालय ओलांडून जायकवाडीला आणि नांदूर मध्यमेश्वरला येणाऱ्या पट्टकादंब या रानहंसांची गोष्ट तिने वाचली आहे. मी म्हणणार होतो, भोंगा त्यांच्याबरोबर गेला. पण ती आठ वर्षांची आहे. भोंगा गडगासुद्धा उडून ओलांडू शकत नव्हता हे तिला माहीत आहे, आणि ते पक्षी आषाढात इकडे नसतात हेही तिनेच मला सांगितलं असतं. म्हणून खरं सांगितलं. ती खूप रडली. मग चाफ्याची फुलं आणून तिनेच त्या मातीवर ठेवली.

हंसीची अवस्था बघवत नव्हती. संध्याकाळी दार लावायला गेलं की आत यायची नाही. अंगणाच्या बेड्याशी, फाटकापाशी उभी राहून हाका मारायची, थांबायची, कान दिल्यासारखी मान तिरपी करायची, पुन्हा हाक. पाच दिवस तिने नीट खाल्लं नाही. ही जात जोडीने राहते, एक गेला की दुसरा असाच झुरतो. घाटावरच्या ज्या माणसाकडून जोडी आणली होती त्याला फोन केला, तर तो म्हणाला आरसा लावून बघा. आई, तुझ्या माहेरून आलेला, कडेचा पारा उडालेला आरसा माळ्यावर होता. तो पुसून पडवीत जमिनीलगत टेकवून ठेवला. पहिल्यांदा तिने चोच लावून बघितलं, मग मागे जाऊन बघितलं. संध्याकाळी ती त्याच्यासमोर पाय पोटाखाली घेऊन बसली. अजून रोज बसते, आणि मधूनच हळू आवाजात काहीतरी बोलते. तुझा आरसा न विचारता घेतला, तेवढं माफ कर.

आता दुसरं खोटं. फाल्गुनात मी तुम्हाला सांगितलं होतं की राजहंसाची दोनच पिल्लं निघाली. निघाली होती चार. हंसी अंड्यांवर बसेना म्हणून पाच अंडी खुडूक झालेल्या कवडी कोंबडीखाली ठेवली होती, हे तुम्हाला माहीत आहे. तिच्या पंखाखाली पाच म्हणजे डोक्यावरून पाणी. एवढी जड अंडी तिला पायाने फिरवता येत नाहीत, म्हणून दिवसातून तीनदा मी हाताने फिरवायचो आणि शेवटी शेवटी कोमट पाणी शिंपडायचो. कोंबडीचं गणित एकवीस दिवसांचं, यांचं तीस दिवसांचं. बाविसाव्या दिवशी ती उठेल की काय या भीतीने मी रात्री दोनदा बॅटरी घेऊन बघून यायचो. उठली नाही बिचारी. तिसाव्या दिवशी पहाटे पहिलं अंडं टिचकलं आणि दुपारपर्यंत चार पिवळसर राखाडी गोळे तिच्या पंखांतून डोकावायला लागले. पाचवं अंडं मुळातच रिकामं होतं.

नवव्या दिवशी ऊन फार होतं. मला वाटलं पाण्यातली जात आहे, पोहू दे थोडं, आणि विहिरीजवळच्या दगडी डोणीत पाणी भरून त्यांना सोडलं. आनंदाने बुड्या मारायला लागली. मी पंप बघायला गेलो, दहा मिनिटं लागली असतील. परत आलो तेव्हा दोन पाण्यावर तरंगत होती आणि दोन कशीबशी कडेला चोच टेकवून होती. कवडी डोणीभोवती ओरडत फिरत होती. नंतर डॉक्टरांनी समजावलं. राजहंसाच्या पिल्लांच्या अंगावरच्या लवेला आईच्या पिसांचं तेल लागतं, त्यामुळे ती भिजत नाहीत. कोंबडीखाली वाढलेल्यांना ते तेल मिळत नाही, त्यांची लव कापसासारखी पाणी पिते. शिवाय डोणीच्या सरळ भिंतीवरून त्यांना बाहेर येता येत नव्हतं. एखादा चपटा दगड आत टाकला असता तरी चाललं असतं. एक दगड, आई. अंगणात शंभर पडलेत.

उरलेल्या दोघांतल्या एकाचे पाय पुढे वाकायला लागले, तेव्हा मी हातपायच गाळले. कोंबडीच्या पिल्लांच्या खाद्यात जेवढं नायसिन असतं तेवढं पाणपक्ष्यांना पुरत नाही, हेही डॉक्टरांकडूनच कळलं. त्यांनी बी-कॉम्प्लेक्सचं औषध पाण्यातून द्यायला सांगितलं. दीड-दोन आठवड्यांत पाय सरळ झाले. आता दोघंही दिवसभर बाबांच्या सुपारीच्या बागेतलं गवत खातात आणि छोटी शाळेतून आली की तिच्या मागे रांगेत चालतात. पहिल्या दिवसापासून तीही त्यांना दिसत होती ना. प्राण्यांच्या वागण्याचा अभ्यास करणाऱ्या ऑस्ट्रियाच्या कोनराड लोरेन्झना १९७३ साली नोबेल मिळालं, त्यांच्या मागे राजहंसाच्या जातीची पिल्लं अशीच चालायची, हे मी तिला सांगितलं. तेव्हापासून तिची मान फार ताठ आहे.

एवढं सगळं लिहिण्याचं कारण वेगळंच आहे.

२०१८ साली बाबांची अँजिओप्लास्टी झाली आणि तुम्ही ठाण्याला दादाकडे राहायचं ठरलं. तेव्हा तुझ्याकडे सतरा कोंबड्या होत्या. तू दोन दिवस गप्प होतीस आणि मला गाडीची घाई होती. मी म्हणालो, "आई, कोंबड्याच तर आहेत. ठाण्यात अंडी मिळत नाहीत का?" तू काही बोलली नाहीस. वाडीतल्या काकू डालग्यातून कोंबड्या घेऊन गेल्या. आपण निघालो, गाडीत बसलो आणि तू "आले हां" म्हणून परत मागे गेलीस. मला वाटलं गॅस बघायला गेलीस. मागच्या काचेतून दिसलं, तू रिकाम्या खुराड्याची कडी लावत होतीस.

तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नाही आणि मी हॉर्न वाजवला. आई, तो हॉर्न माझ्या कानातून जात नाही.

२०२० च्या मार्चमध्ये आम्ही पुण्याहून इथे आलो आणि मे महिन्यात वेळ जाईना म्हणून दहा पिल्लं आणली, तेव्हाही मला काही कळत नव्हतं. खोक्यात तूस, त्यावर कागद, वर बल्ब. तू फोनवरून विचारायचीस, "कशी बसलीत सांग." एकमेकांच्या अंगावर चढून चिवचिवत असतील तर बल्ब खाली घे, पंख पसरून चोच उघडून लांब पळत असतील तर वर घे, पसरून निवांत झोपली असतील तर हात लावू नकोस. मी पुस्तकातलं पस्तीस अंश आणि दर आठवड्याला तीन अंश कमी हे मोजत बसलो होतो. तुझं काम नुसत्या चिवचिवाटावर चालत होतं.

मग ३ जूनला निसर्ग वादळ आलं. तुम्ही ठाण्यात आमच्या आवाजासाठी तळमळत होतात, फोन लागत नव्हता, आठवडाभर काही कळत नव्हतं, ते सगळं नंतर बोलून झालं आहे. पिल्लांचं मात्र मी कधी सांगितलं नाही. दुपारीच वीज गेली ती कित्येक आठवडे आलीच नाही. कौलं उडाली, घरात पाणी, बाहेर माड-पोफळी धडाधड पडत होत्या. बारा दिवसांची दहा पिल्लं. तुझ्या सुनेने ती टोपलीत घालून चुलीशी नेली, लाकडं ओली होती, धूर झाला. मग तिने जुनं लुगडं फाडून गुंडाळलं आणि टोपली रात्रभर पोटाशी धरून बसली. सकाळी सात जिवंत होती. बाहेर उंबराची फांदी तुझ्या खुराड्यावर पडली होती, छपराचा एक कोपरा गेला होता, पण चिरे जागच्या जागी होते आणि दाराची कडी तू लावलीस तशीच होती. ती मी त्या दिवशी उघडली.

त्यानंतर बरंच शिकलो. मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची लस सातव्या दिवसाच्या आत एकेक थेंब डोळ्यात घालायची, ती दापोलीहून थर्मासमध्ये बर्फात आणायची, आणि एका बाटलीत शंभर पक्ष्यांची लस असते व कालवल्यावर ती ठेवता येत नाही, म्हणून त्या दिवशी वाडीतल्या सगळ्यांनी आपापली पिल्लं घेऊन आपल्या अंगणात यायचं. पावसाळ्यात तूस ओलं राहिलं की रक्ती हगवण. एका वर्षी तिने चार दिवसांत अकरा नेली, त्याबद्दल जास्त लिहीत नाही. आता तूस रोज उलटतो आणि हातात घेऊन मुठीत दाबून बघतो, गोळा झाला की बदलतो.

आणि संध्याकाळी मोजतो. तू मोजायचीस ना, ओठ हलवत, एकीकडे बोट न दाखवता? बोट दाखवून मोजलं की कमी होतात म्हणायचीस. मीही बोट दाखवत नाही. आकडा बरोबर आला की जे वाटतं ते तुला सांगायची गरज नाही. सतरा वेळा ते सुख मोजणाऱ्या बाईला मी एका दिवसात ते सोडायला लावलं. त्या दिवसाची माफी मला मागायची होती. तुम्ही ठाण्याला गेलात ते बाबांच्या तब्येतीसाठी बरोबरच होतं. पण मी तुला एक संध्याकाळ तरी त्यांच्यापाशी बसू द्यायला हवं होतं.

गणपतीला या. परसातल्या पायऱ्यांना कठडा बसवला आहे, बाबांच्या गुडघ्यांना त्रास होणार नाही. कवडी नागपंचमीला पुन्हा बसली आहे, या वेळी तिची स्वतःचीच अकरा अंडी आहेत. विजेचा कडकडाट झाला की अंडी खराब होतात असं म्हणत तू ठेवायचीस तसा लोखंडाचा तुकडा आणि कोळसा टोपलीत ठेवला आहे. गणपती बसतील तेव्हा पिल्लं आठवड्याची असतील. सातव्या दिवशी बॅटरीवर धरून बघितली तेव्हा नऊ अंड्यांत लाल शिरांचं जाळं स्पष्ट दिसलं. दोन अंड्यांचं काही कळत नाही. काढायला हात होत नाही, ठेवावीत तर नासून फुटली तर बाकीची खराब होतील. तू अंडं कानाशी धरून सांगायचीस. नेमकं काय ऐकायचीस ते फोन करून सांग, मी तोवर दोन्हींवर पेन्सिलीने खूण करून ठेवली आहे.

तुमचा
धाकटा