'गप राहा, काय होत नाही' असं नसतं

संपादक साहेब, नमस्कार.

युक्रेनची बातमी आली की कट्ट्यावर एक जण तरी म्हणतोच, आता रशियाचं सैन्य घुसलंय ना, मग तिथल्या लोकांनी जुळवून घ्यावं, उगाच कशाला अंगावर ओढवून घ्यायचं. मला हे अजिबात पटत नाही आणि कोल्हापूरकरानं तर हे बोलूच नये.

आपल्या कोल्हापूरजवळच्या वळिवड्यात 1943 ते 1948 पोलंडचे पाचेक हजार लोक कॅम्पात राहून गेलेत, बहुतेक बायका-पोरं. त्यांनी काय केलं होतं हो? 1939 ला सोव्हिएत सैन्यानं पूर्व पोलंड घेतलं आणि 10 फेब्रुवारी 1940 ला मरणाच्या थंडीत, अंधारातच शिपाई दारात. हाताला लागेल ते घ्या, चला, आणि मालगाडीच्या डब्यात कोंबून थेट सायबेरिया नाहीतर उत्तर रशिया. कुणाचा नवरा जंगलखात्यात गार्ड, कुणाला सैन्यातून सुटल्यावर सरकारनं जमीन दिलेली, एवढाच गुन्हा. गपच होते की बिचारे! यादीत नाव आधीच पडलेलं, मग वागणं कोण बघतंय. नंतर सुटका झाली आणि इराणमार्गे ते आपल्याकडं आले.

म्हणून सगळ्यांनी बंदूक उचलावी असंही माझं म्हणणं नाही. रांगेत उभं राहून पाव घेणं, दवाखाना चालू ठेवणं, पाण्याची मोटर दुरुस्त करणं ह्याला गद्दारी म्हणू नये. रशियानं घेतलेल्या युक्रेनच्या भागात रशियन पासपोर्ट नसेल तर पेन्शन, औषधं अडवतात, मग एखाद्या म्हातारीनं शुगरच्या गोळ्यांसाठी तो घेतला तर तिला आपण इथं बसून नावं ठेवायची? युद्धात कसं वागायचं ह्याच्या 1907 च्या आंतरराष्ट्रीय हेग नियमांतच लिहिलंय की ताब्यातल्या मुलखातल्या लोकांकडून निष्ठेची शपथ जबरदस्तीनं घ्यायची नाही. नियम सैन्यानं मोडायचा आणि बोल म्हातारीला?

रेघ मारायचीच तर ती शेजाऱ्याचं नाव देण्यावर मारा, पोरांच्या डोक्यात ताबा घेणाऱ्यांचं भरण्यावर मारा. जर्मनीच्या ताब्यातल्या नॉर्वेत 1942 ला मास्तर लोकांनी नाझींच्या शिक्षक संघटनेत जायला नकार दिला, हजारभर पकडले, पाचशेच्या आसपास पार उत्तरेला किर्केनेसला नेऊन कामाला जुंपले, तरी बाकीचे हटले नाहीत आणि शेवटी नाझींच्या बाजूनं तिथं सरकार चालवणाऱ्या क्विसलिंगला तो बेत गुंडाळायला लागला.

एक विनंती आहे. वळिवड्यातल्या त्या कॅम्पात दूध, भाजी घालायला जाणारी माणसं कुणी अजून हयात असतील तर तुमच्या पेपरनं त्यांना गाठून त्यांच्या आठवणी लवकर छापाव्यात.

एक वाचक, कोल्हापूर