गुंजा मोजून काढ

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर मी ओरडले, ते चुकलंच माझं. तू एवढ्या हौसेने वेल पिळून केलेल्या शोभेच्या कड्याचा फोटो पाठवलास आणि माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते 'आधी खाली काढ ते'. छान झालंय, एवढंही म्हटलं नाही. तू फोन ठेवलास त्याचं मला वाईट वाटलं नाही, मीही ठेवला असता. नंतर तीनदा फोन हातात घेतला आणि खाली ठेवला. बोलायला लागले की आवाज चढणार हे माहीत होतं. म्हणून पत्र लिहितेय. यात फक्त बागेच्या बातम्या लिहीन असं बाबांना कबूल केलंय.

तर बातम्या. थंडी यंदा मनावर घेऊन पडलीय. मंगळवारी संध्याकाळी आभाळ अगदी निरभ्र झालं, वारा पडला, तेव्हाच ओळखलं की आज दहिवर गोठणार. ढग असले की जमिनीची ऊब अडून राहते, नाहीतर ती सरळ वर निघून जाते. दुपारीच वाफ्यांना पाणी दिलं, कारण ओली माती दिवसाची ऊब धरून ठेवते आणि रात्री हळूहळू सोडते. मग जुन्या चादरी काढल्या. बदकांची तुझी निळी चादर आठवते? तिच्याखाली यंदा जास्वंदीची कोवळी रोपं झोपली. चार काठ्या रोवून वरून पार जमिनीपर्यंत सोडली, पानांना टेकू दिली नाही. सकाळी ऊन आल्याबरोबर काढली. पहिल्याच वर्षी मी प्लास्टिक टाकलं होतं आणि जिथे जिथे ते पानाला चिकटलं तिथे तिथे पान काळं पडलं, तो धडा मी विसरले नाही.

एक बाजू तरी करपलीच. बाबा लगेच कात्री घेऊन निघाले होते, मी अडवलं. करपलेली पानं आत्ता कापायची नाहीत. तीच खालच्या डोळ्यांवर, म्हणजे नवी फूट येते त्या जागांवर, पांघरूण होतात, आणि कापलं की झाड उगाच नवे धुमारे टाकतं, ते पुढच्या थंडीत मरतात. तुझ्याकडेही कापू नकोस. वाळलेले देठ आणि बोंडंही राहू देत. पोकळ देठांत बारीक एकटेपणी राहणाऱ्या मधमाश्या थंडी काढतात, आणि बियांवर चिमण्या येतात. बाग अव्यवस्थित दिसते, दिसू दे.

शेवंतीची गंमत सांगते. कुंपणाबाहेर नवा दिवा लागला. त्याचा उजेड ज्या सहा कुंड्यांवर पडतो त्यांना अजून कळी नाही, नुसती पानं माजलीत. घराच्या सावलीतल्या चार कुंड्या मात्र लगडून गेल्यात. रोपं एकाच मातृरोपाची, माती एकच, खत एकच. शेवंतीला लांब आणि अखंड रात्र लागते. मधे उजेड पडला की तिचा हिशोब चुकतो, तिला वाटतं अजून मोठेच दिवस आहेत. गार्नर आणि अलार्ड या दोघा अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९२० मध्ये तंबाखू आणि सोयाबीनवरचे प्रयोग छापून हे पहिल्यांदा नीट दाखवलं, असं आमच्या बागकाम मंडळात एकदा वाचलं होतं. आता बाबा रोज संध्याकाळी त्या सहा कुंड्यांवर खोकी पालथी घालतात आणि सकाळी काढतात. गुडघा दुखतो तरी मला हात लावू देत नाहीत. पॉइन्सेटियाचंही तसंच. त्याला रोज चौदा तास गच्च अंधार आणि तोही दोन महिने लागतो, तेव्हा कुठे वरची पानं लाल होतात. लाल दिसतात ती पानंच, फुलं मधे पिवळी, इवलीशी. लोक त्याच्या चिकाला फार भितात, पण त्याने कातडीला खाज येते, पोटात गेलं तर मळमळतं, त्यापलीकडे बहुधा काही होत नाही. म्हणजे बघ, दिसेल त्या झाडाला घाबरणारी मी नाही. मी कण्हेर लावलीय, धोतरासुद्धा कोपऱ्यात उगवला तर बघून मग उपटते. गुंजेचं मात्र वेगळं आहे.

बघ, आलेच मी तिथे.

तुला वाटलं असेल, आईला प्रत्येक गोष्टीत खोट दिसते. त्या दिवशी काय झालं ते सांगते. रविवार होता, मंडळाच्या बायका आमच्याकडे जमल्या होत्या. सणासाठी ज्याने त्याने घरी केलेलं काहीतरी आणायचं असं ठरलं होतं. एकीने वाळल्या गवताच्या चांदण्या आणल्या, एकीने ग्लिसरीनमध्ये टिकवलेली पानं. एक भाग ग्लिसरीन, दोन भाग गरम पाणी, देठ ठेचून त्यात उभे ठेवायचे. दोन-तीन आठवड्यांत पानं तपकिरी होतात पण मऊ राहतात, चुरत नाहीत. करून बघ, तुला आवडेल. मी माझ्याकडचं दाखवायच्या आधी तुझा फोटो आला आणि मी माझं बाजूला ठेवून तोच सगळ्यांना दाखवत फिरले. वेल ताजी असताना पिळलीस, वाळल्यावर आक्रसली तेव्हा पुन्हा बांधलीस, हे एका नजरेत कळत होतं. शेवंती उलटी टांगून अंधारात वाळवलेली, म्हणून रंग टिकलेला. कोणी म्हणालं, 'मुलाने केलंय?' मी म्हटलं, 'हो, माझ्या मुलाने.' किती वेळा म्हटलं त्याला गणती नाही. मग एकीने चष्मा लावून विचारलं, 'हे लाल मणी कसले ग?' मी फोटो मोठा केला.

ओवलेल्या गुंजा. लाल अंगावर काळा ठिपका. म्हणजे सुईने आरपार भोकं पाडलेल्या.

आणि त्याच फोटोच्या खालच्या कोपऱ्यात छकुलीचा हात होता. भिंतीला धरून उभी होती.

तुला माहीत आहे म्हणतोस, तरी लिहिते, एकदाच. गुंजेचं कवच इतकं टणक असतं की अख्खी गिळली तर बहुतेक वेळा तशीच बाहेर पडते. पण चावली, फुटली किंवा तिला भोक असलं तर आतलं ॲब्रिन नावाचं विष बाहेर येतं, आणि त्यावर उतारा नाही. लक्षणं लगेच दिसत नाहीत, काही तासांनी दिसतात, कधी दोन-तीन दिवसांनी. तोवर मूल हसतं, खेळतं. हे मी मनाचं सांगत नाही. २०११ साली ब्रिटनमध्ये गुंजांची ब्रेसलेट विकली गेली होती, ती नंतर लोकांकडून परत मागवावी लागली. कधी शंका आली तर वाट बघायची नाही, घरी उलटी करवायची नाही, बी सोबत घेऊन तडक दवाखाना. आणि भोकं पाडताना तुझ्या बोटात सुई टोचली नाही ना? हे मला काल रात्री सुचलं आणि मग झोप लागली नाही.

झालं व्याख्यान. माफ कर. तू मुलीचा बाप आहेस, तुला तिची काळजी नाही असं मी म्हणतच नाही. तिला अंघोळ घालताना तू कोपराने पाणी बघतोस, ते मी पाहिलंय. तुझ्या बाबांनी कधी बघितलं नव्हतं.

पाइनचे शंकू मिटले म्हणून तू वैतागला होतास ना, सूनबाई सांगत होती. ते खराब झालेले नाहीत. त्यांच्या खवल्यांत दोन थर असतात. दमट हवेत बाहेरचा थर जास्त फुगतो आणि खवला आत वळतो. कोरड्या हवेत पुन्हा उघडतो. बी कोरड्या वाऱ्यात दूर जावं म्हणून झाडाने केलेली सोय आहे ती. शंकू मेलेला असला तरी चालूच राहते. घरात उबेला ठेव, दोन दिवसांत उघडतील. लहानपणी तू असलाच एक शंकू पाण्याच्या पेल्यात घालून दिवसभर त्याच्यासमोर पालथा पडून होतास. जेवायला उठेनास. आजी म्हणाली होती, हा पोरगा काहीतरी करणार.

आजीचं नाव निघालं म्हणून सांगते. नाहीतर सांगणार नव्हते.

तू अडीच वर्षांचा होतास. अशीच थंडी, सण तोंडावर आलेला. मला तेव्हा गुंजांचं फक्त रूप माहीत होतं. ताटलीत गुंजा घेऊन तापलेल्या सुईने भोकं पाडत होते, आरशाभोवती लावायला माळ करायची होती. अर्ध्या ओवून झाल्या होत्या, अर्ध्या ताटलीत. दारावर कोणी आलं म्हणून उठले. परत आले तर ताटली तुझ्या मांडीवर आणि तू तोंड मिटून बसलेला. तोंड उघडलं तर आत काही नाही. आजीने ताटलीकडे बघितलं आणि तिचा चेहरा उतरला, तेव्हा मला पहिल्यांदा कळलं. मी मोजायला बसले. सुरुवातीला किती होत्या ते मला माहीतच नव्हतं, मग मोजून काय कळणार? तरी मोजत राहिले. तू किती गिळल्यास, भोक पडलेल्या की न पडलेल्या, काही सांगता येत नव्हतं. दवाखान्यात दोन दिवस, तीन रात्री. तू कॉटच्या दांड्यावर चमचा वाजवत होतास. मला तो आवाज अजून येतो. तिसऱ्या दिवशी एकच निघाली, अख्खी, न टोचलेली. बाबा बाहेर जाऊन भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

घरी आल्यावर आजीने सगळ्या गुंजा मागच्या कुंपणाशी खोल पुरल्या. तुझ्यासमोर हा विषय काढायचा नाही असं ठरलं आणि आम्ही तो कधीच काढला नाही. चूक झाली. तुला माहीत असतं तर तू कुंपणाशी गेलाच नसतास. कारण टणक बी मातीत लवकर मरत नाही. पुढे कित्येक पावसाळे तिथे एखादं रोप वर यायचं आणि मी ते उपटायची. तू शिकायला बाहेर पडलास त्या वर्षी एक राहू दिलं. घरात आता लहान मूल कुठे होतं? आणि शेंगा पीळ खाऊन फुटल्या, आत लाल दाणे दिसायला लागले की वेल इतकी सुंदर दिसायची. गेल्या महिन्यात आलास तेव्हा तू तिथे उभा राहून शेंगा तोडताना मी खिडकीतून पाहिलं होतं. मनात आलं, खिशात ठेवेल आणि विसरून जाईल. हाक मारायला हवी होती. मारली नाही, कारण मारली असती तर हे सगळं सांगावं लागलं असतं.

म्हणजे परवा मी जी ओरडले ना, ती तुझ्यावर नव्हे.

ती वेल काल आम्ही काढली. मूळ फार खोल गेलं होतं. बाबांनी खणलं, मी ओढलं. खाली पडलेले दाणे हातमोजे घालून वेचले. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा उगवेल कदाचित, मी लक्ष ठेवीन.

आता कड्याचं. ते मोडू नकोस, एवढं सुरेख काम आहे. या पत्रासोबत लाल लोकरीचे गोंडे पाठवतेय, बाबांनी पुठ्ठ्याच्या चकतीवर लोकर गुंडाळून दिली, मी कापून बांधले. मुद्दाम मोठे केलेत, छकुलीच्या तोंडात मावणार नाहीत असे. ओढून बघितलेत, धागा सुटत नाही, तरी तूही ओढून बघ. ते गुंजांच्या जागी लाव, रंग तोच आहे. ती थोडी मोठी झाली की तुला वैजयंतीचे मणी देईन, त्यांना भोक जन्मतःच असतं, सुई लागत नाही. आत्ता तेही नकोत.

गुंजा झाडून टाकू नकोस, केरात फुटतील. एकेक सोडवून झाकणाच्या बाटलीत भर. फोटो मोठा करून मी २७ मोजल्या, पण उजवीकडच्या पानामागे एखादी लपली असेल, तिथे नीट दिसत नाही. तू ओवताना किती घेतल्या होत्यास ते आठवून बघ. काढशील तेव्हा मोज, आणि भरल्या की आकडा तेवढा कळव. बाकी काही लिहिलं नाहीस तरी चालेल.

तुझी,
आई