ओढ्याकडचे दोन एकर विकू नका

धानोरी, पुणे

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, रविवारी फोनवर तुम्ही म्हणालात, "ओढ्याकडचे दोन एकर काढून टाकतो, तुझ्या फ्लॅटला तेवढाच हातभार. तसंही आम्ही तुला दिलं काय?" मी तेव्हा नुसतं "बघू" म्हटलं. फोनवर तुम्ही पूर्ण ऐकून घेत नाही आणि आईचा आवाज लगेच भरून येतो, म्हणून पत्र लिहायला बसले. उत्तर आधीच सांगते. विकू नका. एक गुंठासुद्धा नाही.

हे सगळं आत्याकडच्या वास्तुशांतीपासून सुरू झालंय, मला कळतं. वाकडचा तो तीन बेडरूमचा फ्लॅट बघून परत जाताना तुम्ही ट्रॅव्हल्समध्ये उदगीरवाल्या शेजाऱ्याशीसुद्धा बोलला नाहीत, आई सांगत होती. पण बाबा, आत्याच्या मिस्टरांना चिंचवडच्या कारखान्यात उभ्या नोकरीत दर महिन्याच्या सात तारखेला पगार मिळाला. पीएफ हातात यायच्या आधीच कापला जायचा. दिवाळीला बोनस. त्यांनी कष्ट केले, त्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण ते तुमच्याहून काटकसरी होते म्हणून ते घर झालं, असं मात्र नाही. तुमच्या हातात पैसा यायचा वर्षातून एकदा, सोयाबीन-तुरीची रास झाल्यावर, आणि तोही किती येणार हे पाऊस आणि अडत ठरवणार. २०२४-२५ ला सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये क्विंटल होता. लातूरच्या बाजारात तुम्ही ते चार हजारांच्या आसपास दिलंत. त्यातून बियाणं, खत, फवारणी, मळणी वजा करून जे उरतं त्यातून बचत करायची, हे गणित आत्याच्या घरी कुणाला कधी करावं लागलं नाही.

तुम्हाला माझं काम अजून नीट कळलेलं नाही, म्हणून थोडं सांगते. देशातली घरं कशावर किती खर्च करतात याची जी सरकारी पाहणी २०२४ पर्यंत चालली, तिच्यासाठी मी टॅब घेऊन घरोघर जायचे. एकाच घरी तीन महिन्यांत तीनदा जायचं. एकदा खाण्यापिण्याचं विचारायचं, एकदा किरकोळ वस्तू आणि सेवांचं, एकदा टिकाऊ वस्तूंचं. कुणाच्या घरचं काय ते बाहेर सांगायचं नसतं, ते मी तुम्हालाही सांगणार नाही. पण जे दिसतं त्यातून माणूस शिकतो. विमाननगरकडच्या सोसायट्यांत वॉचमन आत सोडायला तयार नसतो. सोडलं तर दोघंही कमावणारं जोडपं दारातच उभ्याने उत्तरं देतं. एका ताईंनी मला विचारलं, "कर्जाच्या हप्त्याला रकाना नाही का तुमच्याकडे? आमचं सगळं तिथेच जातं." खरंच नाही. हप्ता हा उपभोगावरचा खर्च धरत नाहीत. आणि वेल्ह्यातल्या वाडीत म्हातारी आजी मला पाट देते, चहा देते, आणि मग सांगते की तांदूळ घरचा, नाचणी घरची, सरपण डोंगरावरचं, मग लिहिणार काय?

लिहायचं असतं, आई. घरचं धान्य शेतावरच्या भावाने लिहायचं. भेट म्हणून आलेलं धान्य मात्र इथल्या किरकोळ बाजाराच्या भावाने. म्हणजे तू दर सहा महिन्यांनी पोत्यात भरून पाठवतेस ती ज्वारी तुझ्या चुलीवर एका भावाची आणि माझ्या गॅसवर दुसऱ्या, चढ्या भावाची. तू मला जे देतेस त्याची किंमत पुण्यात वाढते. तुला ती कधी दिसत नाही, कारण तू ती तुझ्याच भावाने मोजतेस.

२०२३-२४ च्या पाहणीत देशातल्या खेड्यात माणशी महिन्याचा खर्च सरासरी ४,१२२ रुपये निघाला, शहरात ६,९९६. महाराष्ट्राचं शहर देशाच्या पुढे आहे, सात हजार तीनशेच्या वर. पण महाराष्ट्राचं खेडं साधारण देशाच्या सरासरीवरच थांबलंय, चार हजार शंभरच्या आसपास. आपण श्रीमंत राज्य म्हणवतो, तरी ही अवस्था आहे. केरळात खेडं आणि शहर यांत एवढी दरी नाही, तिथलं खेडं साडेसहा हजारांच्या वर आहे. आणि आपल्या राज्याच्या सरासरीत पश्चिमेकडचं ऊसपट्ट्यातलं गाव आणि आपलं औसा तालुक्यातलं गाव एकाच टोपल्यात टाकलेलं असतं, हे वेगळंच.

शेतकरी घरांच्या उत्पन्नाचंही तसंच. २०१८-१९ ची पाहणी आहे. महाराष्ट्रातल्या शेतकरी कुटुंबाचं महिन्याचं उत्पन्न सरासरी ११,४९२ रुपये, पंजाबातल्याचं २६,७०१. पंजाबचा शेतकरी तुमच्या दुप्पट राबतो का? त्याच्याकडे बारमाही पाणी आहे आणि त्याचा गहू-तांदूळ सरकार हमीभावाने उचलतं. तुमच्याकडे एक विहीर आहे, आणि ती मार्चला तळ दाखवते. नाबार्डने, म्हणजे शेती आणि ग्रामविकासाच्या सरकारी बँकेने, २०२१-२२ मध्ये ग्रामीण घरांची पाहणी केली, तेव्हा देशभराचं सरासरी महिन्याचं उत्पन्न १२,६९८ आणि खर्च ११,२६२ निघाला. म्हणजे हातात चौदाशे छत्तीस उरले. धानोरीतल्या या एका बेडरूमच्या घराचं भाडं आम्ही सोळा हजार देतो. त्या घरांचं महिन्याचं सगळं उत्पन्नसुद्धा आमच्या भाड्याला पुरलं नसतं. मग चौदाशेंतून माणसाने मुलीला पुण्यात फ्लॅट कसा द्यायचा?

बाबा, हे तुमच्या हातात नव्हतं, असं नुसतं समजुतीसाठी म्हणत नाही. १९८३ मध्ये सरकारने वि. म. दांडेकरांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. ते इथल्याच गोखले अर्थशास्त्र संस्थेचे. बीएमसीसी रस्त्यावरून जाताना ती इमारत दिसली की मला दर वेळी आपलं गाव आठवतं. सिंचन, रस्ते, शाळा, दवाखाने, वीज, अशा एकेका बाबतीत कोणता जिल्हा राज्याच्या सरासरीच्या किती मागे आहे, हे त्यांनी १९८४ च्या अहवालात मोजून मांडलं. विदर्भ-मराठवाड्याचा 'अनुशेष' तेव्हापासून सगळ्यांच्या तोंडी आला. तुम्ही आजोबांकडून शेत हाती घेतलंत तेव्हा लातूर जिल्हा होऊन दोन-तीन वर्षंच झाली होती, आणि आपला भाग मागे ठेवला गेलाय हे सरकारच्याच कागदावर लिहिलेलं होतं. पुढे १९९४ मध्ये विकास मंडळं आली. त्यांची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली. मधल्या काळात याच असमतोलावर केळकर समितीचाही अहवाल येऊन गेला. पाणी काही ओढ्यापर्यंत आलं नाही. मला याचा राग येतो. आणि जास्त राग याचा येतो की जे राज्याने देणं होतं त्याचा हिशेब तुम्ही स्वतःच्या नावावर मांडून बसलाय.

तुम्ही बचत केली नाही हेही खरं नाही. २०१९ च्या पाहणीत ग्रामीण घराच्या मालमत्तेतला ९१ टक्के वाटा जमीन आणि इमारतींचा होता, ठेवी फक्त ५ टक्के. आपल्याकडची बचत पासबुकात दिसत नाही. ती विहिरीच्या कड्यांत आहे, पाइपलाइनमध्ये आहे, पत्र्याच्या जागी टाकलेल्या स्लॅबमध्ये आहे. २०१६ चा उन्हाळा आठवा. मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं ते वर्ष. कडबा नव्हता, पाणी नव्हतं, तुम्ही बैलजोडी हळी हंडरगुळीच्या बाजारात नेलीत. परत आलात ते कासरे खांद्यावर टाकून, आणि दुसऱ्या दिवशी माझ्या एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाची फी भरली. मी आज टॅब घेऊन फिरते ती त्या बैलजोडीवर. आम्ही तुला दिलं काय, हे पुन्हा कधी म्हणू नका. मला ते सहन होत नाही.

आता व्यवहाराचं बोलते. आम्ही बघितलेला फ्लॅट ५५ लाखांचा आहे. एवढ्या कर्जाला बँक किमतीच्या ८० टक्क्यांवर जात नाही, म्हणजे ११ लाख आमचे. माझ्या नावावर घेतला तरी मुद्रांक शुल्क ६ टक्के, ३ लाख ३० हजार, वर नोंदणीचे ३० हजार. ओढ्याकडचं रान जिरायती, त्याचा पैसा एवढ्यातच संपून जाईल. त्यानंतर ४४ लाखांचं कर्ज आहे तसंच राहील, वीस वर्षं महिन्याला ३८ हजारांच्या आसपास हप्ता. माझं काम कंत्राटी आहे. तुमच्या जावयांनीही हिशेब करून सांगितलंय की एवढ्यात घर नको. आम्ही भाड्याने राहू, महिन्याला बारा-पंधरा हजार बाजूला टाकू, आणि चार-पाच वर्षांनी लोहगावच्या पुढे काही जमलं तर बघू. यात आम्हाला कमीपणा वाटत नाही.

शेत गेलं तर तुमचं काय जाईल ते बघा. पीएम-किसान आणि नमो शेतकरी मिळून वर्षाचे १२ हजार सातबारावर येतात. सातबारा गेला की शेतकरी म्हणून पुन्हा जमीन घेणं किती अवघड, हे तुम्ही मला सांगायला हवं. आणि वर्षाची ज्वारी, तूर, शेंगा. आई, येळवशीला, वेळ अमावास्येच्या दिवशी, आंबिलाचा बिंदगा डोक्यावर घेऊन तू कुठल्या रानात पूजेला जाणार आहेस? दुसऱ्याच्या बांधावर कडब्याची कोप करणार का?

एक काम मात्र लगेच करा. पतसंस्थेतली तीन लाखांची ठेव पुढच्या महिन्यात संपते आहे, ती पुन्हा तिथे ठेवू नका. ते दोन टक्के जास्त देतात, मला माहीत आहे, आणि तिथला क्लार्क आपल्या ओळखीचा आहे हेही. पण बँकेतल्या ठेवीला ठेव विम्याचं पाच लाखांपर्यंत संरक्षण असतं, पतसंस्थेतल्या ठेवीला ते नसतं. मराठवाड्यात संस्था बुडाल्यावर लोक कसे महिनोन्‌महिने दारात बसलेत, ते तुम्ही पेपरात वाचलंय. तुमची ही एकच रोख पुंजी आहे. पोस्टात ज्येष्ठ नागरिक बचत योजना आहे, सध्या ८.२ टक्के, पाच वर्षांसाठी दर बदलत नाही. तीन लाखांवर दर तीन महिन्यांनी ६,१५० रुपये एप्रिल, जुलै, ऑक्टोबर, जानेवारीच्या एक तारखेला खात्यात येतील. बीपी-शुगरच्या गोळ्या आणि विजेचं बिल त्यात भागेल, आणि मी पाठवलेले पैसे परत पाठवायची तुम्हाला गरज पडणार नाही. ते परत पाठवणंही आता थांबवा, बाबा.

औशाच्या पोस्टात जाताना दोघांची आधार आणि पॅन कार्डं, दोन-दोन फोटो आणि पोस्टाचं पासबुक न्या. खातं दोघांच्या नावाने काढा, वारस म्हणून माझं आणि दादाचं नाव घाला. फॉर्म भरायला अडलं तर सकाळी अकराच्या आत फोन करा, त्यानंतर मी कुणाच्या तरी घरी प्रश्न विचारत असते. दोन एकरांसाठी जो गिऱ्हाईक बघून गेला, त्याला दादाकडून आजच निरोप द्या. इसार घेतला नसेल ना? घेतला असेल तर लगेच कळवा, मी शनिवारच्या गाडीने निघते.

तुमची,
ताई