सतरा सप्टेंबरच्या भाषणासाठी

छत्रपती संभाजीनगर

तीर्थरूप बाबा आणि आई यांना
साष्टांग नमस्कार.

बाबा, यंदाही मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या झेंडावंदनानंतर शाळेत तुम्हीच बोलणार आहात. ‘क्रांतीनं समाज कसा बदलतो यावर चार मुद्दे काढून दे,’ असं तुम्ही फोनवर म्हणालात. चार मुद्द्यांत ते बसेना, म्हणून सविस्तर लिहिते आहे. आई, पत्र तुलाही आहे. बाबांना मोठ्यानं वाचायला सांग, आणि मधे उठून जाऊ नकोस. शेवटचा भाग तुझ्याबद्दल आहे.

तुम्ही दरवर्षी पाच दिवसांची गोष्ट सांगता. १३ सप्टेंबर १९४८ ला सोलापूरकडून भारताच्या फौजा हैदराबाद संस्थानात आल्या, पहिल्याच दिवशी नळदुर्ग पडलं, १७ तारखेला निजामानं शरणागती दिली. त्याआधीची दहा वर्षंही सांगता: १९३८ चा स्टेट काँग्रेसचा सत्याग्रह, उस्मानिया विद्यापीठातली ‘वंदे मातरम्’ची चळवळ, स्वामी रामानंद तीर्थ, गोविंदभाई श्रॉफ, करोडगिरीचे म्हणजे जकातीचे नाके, तोडलेली शिंदीची झाडं, सरहद्दीवरच्या कॅम्पांना आजोबांनी पोचवलेल्या भाकरी. हे सगळं मुलांना सांगितलंच पाहिजे. एकाच घराण्याची सव्वादोनशे वर्षांची सत्ता होती. संस्थानात विद्यापीठ एकच, तेही उर्दू माध्यमाचं. मराठी, तेलुगू, कन्नड बोलणारी पोरं घरच्या भाषेत पदवीपर्यंत शिकूच शकत नव्हती. तो दरवाजा उघडला, हे लहान काम नव्हे.

पण बाबा, माझा सगळा दिवस कोर्टात जमिनीच्या कागदांत जातो आणि तिथं बसून मला हा इतिहास थोडा वेगळा दिसतो. राजा पाच दिवसांत जातो. दप्तर जात नाही. जमीन कुणाच्या नावावर, विहीर कुणाची, कूळ कोण, जात कोणती, वारस कोण, हे ज्या कागदांवर लिहिलेलं असतं, सत्ता तिथं असते. क्रांती झाली की नाही हे मी आता सिंहासनाकडं बघून ठरवत नाही, त्या कागदांवरची नावं बदलली का ते बघते.

साध्या माणसांना हे फार आधीपासून कळत होतं. १७८९ च्या उन्हाळ्यात फ्रान्सच्या खेड्यांतले शेतकरी उठले तेव्हा कितीतरी ठिकाणी त्यांनी सरदारांच्या गढीत शिरून आधी दप्तरं शोधली. कुणाकडून किती खंड, कुणी किती वेठ करायची, हे ज्यात लिहिलं होतं ती बाडं त्यांनी जाळली. पॅरिसच्या सभेनं ४ ऑगस्टच्या रात्री सरंजामी हक्क रद्द करायला सुरुवात केली ती या धुराला भिऊनच. आपल्याकडं १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची घरं गाठली आणि त्यांचाही रोख कर्जरोख्यांवर आणि हुकूमनाम्यांवरच होता. पुढं १८७९ मध्ये इंग्रज सरकारला शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा करावा लागला. सुप्याच्या त्या माणसांना फ्रान्स ठाऊक नव्हतं. आपला गळा कुठल्या कागदात अडकलाय एवढं मात्र नेमकं ठाऊक होतं.

आपल्याकडं काय झालं बघा. १९४९ मध्ये जहागिरी गेल्या, संस्थानचा सुमारे तिसरा हिस्सा जहागिरींखाली होता. १९५० मध्ये कूळकायदा आला. कायदा त्या काळाच्या मानानं चांगलाच होता. तरी जुन्या फायली उघडल्या की कुळांनी ‘राजीखुशीनं’ कब्जा सोडल्याचे कागद निघतात, खाली निळे अंगठे. १९५४ च्या खासरा पत्रकात, म्हणजे जमिनीच्या नोंदवहीत, ज्या नावाची नोंद झाली त्याचं नशीब उघडलं. ज्याचं नाव राहून गेलं त्याचे नातू आज माझ्यापुढं बाकावर बसतात. आणि ज्या निजामाविरुद्ध लढा झाला तो १९५० पासून १९५६ पर्यंत त्याच राज्याचा राजप्रमुख, म्हणजे राज्यपालासारखा प्रमुख, होता. मुलांना हे सांगा. त्यांना धक्का बसेल, पण सत्ता कशी हळूहळू सरकते हे त्यावरून जितकं कळेल तितकं कशानंच कळणार नाही.

तुमच्या पारावर हल्ली ‘हैदराबाद गॅझेटियर’ हा शब्द रोज ऐकू येतो म्हणता. मराठा आरक्षणाच्या मागणीवरून कुणबी नोंदी शोधायला २०२३ मध्ये न्यायमूर्ती शिंदे यांची समिती नेमली गेली आणि निजामकाळातली दप्तरं पुन्हा बाहेर निघाली. मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांना एकदम मान आला. राजवट जाऊन पंचाहत्तर वर्षं झाली आणि आपल्या पोरांचं भविष्य तिच्याच वहीत शोधावं लागतंय. मागणी योग्य की अयोग्य यावर आपलं मागच्या वेळी बोलून झालंय, ते पुन्हा काढत नाही.

आता एक गोष्ट, जी तुमच्या भाषणात कधीच येत नाही. पोलीस ॲक्शननंतरचे, म्हणजे फौजांच्या त्या पाच दिवसांनंतरचे महिने. निजामाच्या बाजूनं लढणाऱ्या रझाकारांनी जे केलं ते तुम्ही सांगता, ते खरंच आहे, आपल्याच शिवेवरची गावं जळाली. पण १७ सप्टेंबरनंतर सूड उगवला गेला तो बहुतेक ठिकाणी रझाकारांवर नाही, सापडेल त्या मुसलमानावर. नेहरूंच्या सरकारनं पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांना पाहणीला पाठवलं. त्यांच्या अहवालात मेलेल्यांचा अंदाज २७ ते ४० हजार आहे, आणि सर्वांत जास्त होरपळलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद, बीदर, गुलबर्ग्याबरोबर आपलं नांदेड आहे. तो अहवाल कितीतरी दशकं दाबून ठेवला गेला. जीव गेले तसे घरदार आणि जमिनीही गेल्या, म्हणजे दप्तरातली नावं इथंही बदलली, ज्या रीतीनं बदलायला नको होती त्या रीतीनं. आपले शेजारी चाचा दरवर्षी झेंड्याला येतात, मागच्या रांगेत उभे राहतात, तुमचं भाषण संपलं की पहिल्यांदा तेच हात मिळवतात. त्यांच्या वडिलांना आजोबांनी कडब्याच्या गंजीत लपवलं होतं, हे तुम्ही घरात सांगता. शाळेतही सांगा. आजोबा लढ्यात होते आणि त्यांनीच शेजाऱ्याला वाचवलं, याहून मोठी स्वातंत्र्याची गोष्ट तुमच्याकडं दुसरी नाही.

आणि १९७८. तुम्ही तेव्हा नुकतेच नोकरीला लागला होता. २७ जुलैला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला आणि त्याच रात्रीपासून मराठवाडा पेटला. आपल्या गावातली दलित वस्तीवरची माणसं रातोरात लेकरं घेऊन तालुक्याला गेली. हे मला आईनं सांगितलं, तुम्ही कधी नाही. ठरावानंतर नाव यायला १४ जानेवारी १९९४ उजाडावं लागलं, तेही जुनं नाव कायम ठेवून, नामविस्तार म्हणून.

एका नावासाठी एवढं का पेटलं, यावर मी पुष्कळ विचार केलाय. बाबासाहेबांनी १९५० मध्ये इथं मिलिंद महाविद्यालय काढलं, तेव्हा मराठवाड्याला स्वतःचं विद्यापीठही नव्हतं, ते आलं १९५८ मध्ये. नागसेनवनात, म्हणजे त्या कॉलेजच्या आवारात, पत्र्याची पेटी घेऊन आलेली पोरं दहा-पंधरा वर्षांत प्राध्यापक झाली, कवी झाली, कारकून आणि वकील झाली. ज्यांची नोंद आजवर दुसऱ्यांनी वहीत केली होती ती माणसं स्वतः लिहायला लागली, आणि गावगाड्याला खरी भीती वाटली ती त्याची. १९५६ च्या दीक्षेनंतर माणसांनी मेलेली ढोरं ओढणं सोडलं, घरातले देव बदलले, पोरांची नावं बदलली. त्यात फौज नव्हती, गोळीबार नव्हता. पण निजाम गेल्यावर गावातली पाणवठ्याची व्यवस्था जशीच्या तशी राहिली होती, तिला पहिला धक्का बसला तो इथून. मी तर म्हणेन, मराठवाड्यात १९४८ पेक्षा ही क्रांती खोल गेली. तुम्हाला हे पटणार नाही कदाचित. पुढं बीड जिल्ह्यात एकनाथ आवाडांसारख्या माणसांनी गायरानाच्या जमिनी कसणाऱ्यांच्या नावावर व्हाव्यात म्हणून आयुष्य घातलं, तेही याच धाग्यातलं. आवाडांनाही कळलं होतं की भाषणानं मान मिळतो आणि सातबाऱ्यानं तो टिकतो.

वरून दिलेलं वरून परतही घेतलं जातं, याला रशियाचं उदाहरण द्या. १९१७ च्या क्रांतीनं जमीनदारांची जमीन शेतकऱ्यांना दिली, आणि १९२९ पासून त्याच सरकारनं ती सामुदायिक शेतीत जबरदस्तीनं ओढून घेतली. बाकी चीन, इराण वगैरे सोडून द्या, दहा मिनिटांत मुलं कंटाळतील.

आई, आता तुझं. आजी म्हणायची ते तूच मला सांगितलंस: ‘निजाम गेला तवाबी मी जात्यावर व्हते, गेल्यावरबी जात्यावरच.’ मला हे वाक्य कोर्टात रोज आठवतं. फ्रान्सच्या क्रांतीनं माणसाच्या हक्कांचा जाहीरनामा काढला. त्यात बायका कुठं आहेत असं विचारून ओलांप द गूज या बाईनं १७९१ मध्ये स्त्रीच्या हक्कांचा जाहीरनामा लिहिला, आणि १७९३ मध्ये क्रांतीच्याच सरकारनं तिचं डोकं उडवलं. तिथल्या बायकांना मतदान करायला १९४५ उजाडलं. आपल्याकडं पहिल्याच सार्वत्रिक निवडणुकीत बायकांना मत होतं, पण सुमारे २८ लाख बायकांची नावं यादीतून गाळावी लागली, कारण अमक्याची बायको, तमक्याची आई याच्या पलीकडं त्यांचं नाव लिहिलंच गेलं नव्हतं.

आपल्या घरात विहिरीकडच्या तीन एकरांसाठी तू पाटल्या मोडल्यास. चाळीस वर्षं त्या रानात खुरपलंस, कापूस वेचलास, बाबा शाळेत असताना गडी तूच सांभाळलेस. सातबाऱ्यावर तुझं नाव नाही. मी लहान होते तेव्हा शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली होती, नवऱ्यांनी राजीखुशीनं जमिनीत बायकोचं नाव लावायचं. पुढं सरकारनंही तशी योजना काढली. आपल्या गावात कुणी नाव लावलेलं मला ठाऊक नाही. बाबा, ते तीन एकर तुम्ही स्वतः घेतलेले आहेत, त्यात कुणाची हरकत येण्याचं कारण नाही. सहहिस्सेदार म्हणून आईचं नाव लावू या. तुमच्यावर अविश्वास म्हणून मी हे म्हणत नाही. तुमच्यामागं तिला कुणापुढं हात पसरावा लागू नये, आणि आपल्या रानात तिनं आपल्या नावानं उभं राहावं, म्हणून म्हणते आहे.

माझ्याबद्दलही आत्ताच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणाला वाईट वाटायला नको. वडिलोपार्जित रानाच्या हक्कसोडीवर मी सही करणार नाही. लेकींनी राखीच्या ओवाळणीसारखी हक्कसोड द्यायची, ही रीत मी माझ्या अशिलांच्या घरांत रोज बघते आणि माहेर तुटल्यावर त्या बायका काय सोसतात तेही बघते. दादाशी मी बोलले आहे. पहिल्यांदा तो चिडला, मग म्हणाला, बसून बोलू. मला रान विकायचं नाही, दादाच कसेल. नाव मात्र राहील.

दिवाळीच्या आधी, सुट्टी लागली की येते. तोवर बाबा, तीन एकरांच्या खरेदीखताची प्रत, चालू सातबारा, आठ-अ आणि दोघांचे आधार एका पिशवीत काढून ठेवा. अर्ज मी इथूनच लिहून आणते, तलाठी गावात कुठल्या वारी असतात तेवढं कळवा. आई, बँकेत अंगठा देतेस तो आता बंद कर, चौथीपर्यंत शिकलेली आहेस, सहीचा सराव कर. बीपीची गोळी चुकवू नका दोघंही.

भाषण लिहून झालं की फोटो काढून पाठवा. चाचांचा भाग मात्र शाळेत बोलण्याआधी त्यांना वाचून दाखवा, आणि ते नको म्हणाले तर गाळा.

तुमची लेक